मागची सीट

साखर कारखान्याच्या चेअरमनची गाडी रंगनाथ ढवळ्यांनी बत्तीस वर्षं चालवली. रोज उजाडायच्या आत घर सोडलं. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी छोटीशी, चांगलं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी घेतली, तेव्हा चेअरमनना ती आपलीच बेअब्रू वाटली.

चार माणसांसमोर ते म्हणाले, "रंगनाथ, काय ही काड्यापेटी घेतलीस! त्यापेक्षा माझी जुनी गाडी न्यायचीस. सगळा तालुका उठून नमस्कार करतो तिला."

"करतो ना साहेब. पण ती मी चालवली, तर लोक मागच्या काचेत वाकून बघणार, मालक कुठे बसलाय म्हणून. हिच्यात चालवणाराच मालक, हे कुणाला सांगावं लागत नाही."

माणसं खो खो हसली. चेअरमनना अचानक कुणाला तरी फोन करायचा आठवला.

त्याच तोऱ्यात रंगनाथ घरी आले. त्यांची बायको शेवंताबाई ठेवणीतलं इरकल नेसून दारात उभ्या होत्या. रंगनाथ सवयीनं उतरले, वळसा घालून गेले आणि मागचं दार उघडून अदबीनं उभे राहिले.

शेवंताबाईंनी ते दार हळूच लावून टाकलं.

"पुढं बसते," त्या म्हणाल्या. "तुमची पाठ बत्तीस वर्षं बघितली."