न जोडलेलं नाटक

शिरगावच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष लीलाधर सामंत म्हणजे तोंडाची नुसती तोफ. मंडळाची मेलची यादी होती. एकाने मेल टाकला की सगळ्यांना जायचा. गणपतीत कुठलं नाटक बसवायचं ते तिथंच ठरायचं, आणि दरवर्षी सामंतांचंच ठरायचं. इंदुमती परुळेकरची दोन नाटकं त्यांनी उडवली होती. न वाचताच उडवली, असा तिला दाट संशय. पण मेल्याला पकडायचं कसं?

यंदा तिने यादीवर लिहिलं, "नवं नाटक सोबत जोडलं आहे."

तासाभरात सामंत गरजले, "बाई, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. संवाद पोकळ, पात्रं निर्जीव. यंदाही माझंच नाटक होईल."

इंदुमतीने सगळ्यांदेखत उत्तर टाकलं, "अगदी बरोबर बोललात, अध्यक्षसाहेब. पात्रं निर्जीव असणारच, ती अजून जन्मालाच आली नाहीत. मी फाइल जोडलीच नव्हती. ही घ्या, आत्ता जोडली."

यादीवर जो तो हसत सुटला. दोन दिवसांनी हळूच सामंतांचा मेल आला, "वाचलं. चांगलं आहे, हेच बसवू. मला त्यात काम मिळेल का?"

इंदुमतीने कळवलं, "आहे ना. मुक्याचं."