रंगरावांच्या कोंबड्यांची अंघोळ

कोंबड्यांची भाषा मला जितकी कळते तितकी पंचक्रोशीत कुणाला कळत नाही. आता, त्या मला देतात त्या शिव्याच तेवढ्या कळतात, ही गोष्ट वेगळी.

तर फार पूर्वी, माणसं कोंबड्यांशी बोलत होती तेव्हा, रंगरावांनी पोल्ट्री काढली. जाळीचे पिंजरे, एकेकात कोंबड्या कोंबलेल्या, आणि आत धुळीचा कण शोधून दाखवणाऱ्याला बक्षीस. एके दिवशी कोंबड्या जाळीवर आडव्या पडून पंख झाडायला आणि अंग घुसळायला लागल्या. रंगराव घाबरले. "झटके आलेत यांना. रोग पसरायच्या आत सगळ्या खाटकाला देऊन टाकतो."

उकिरडा उकरत असलेली म्हातारी गावरान कोंबडी ठमी हे ऐकून धावत आली. "थांबा मालक. आजारी नाहीत त्या, अंघोळ करतायत."

"अंघोळ? पाणी कुठंय?"

"आम्ही मातीत करतो. पिसांतल्या उवा त्यानंच जातात. इथं मातीच नाही, म्हणून बिचाऱ्या नुसतं सोंग करतायत. दार उघडा, घटकाभर लोळू द्या."

रंगराव हसले. "एवढ्या स्वच्छ कोंबड्या मातीत लोळवू? बरं, खाटकाला देत नाही. पण सोंगानं समाधान होतंय ना त्यांचं, मग झालं."

ठमी दारातल्या मातीत मनसोक्त लोळली आणि रंगरावांच्या पांढऱ्या धोतराजवळ येऊन तिनं पिसं झाडली. "मग यंदा दिवाळीला तुम्हीही रिकाम्या बादलीत तांब्या बुडवून अंघोळ करा, मालक. आणि मालकीणबाई फराळाला शेजारी बसू देतात का, तेवढं मला येऊन सांगा."