शेलाट्या मल्लाची जोड

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा गावाला एक वेळ चावडी नसली तरी चालायचं, पण तालीम नसली की त्या गावात कुणी मुलगी द्यायचं नाही. अशाच एका गावच्या तालमीत एक शेलाट्या अंगाचा मल्ल राहत होता. त्याचे आईबाप साथीत गेले होते. तालमीची पडवी हेच त्याचं घर आणि वस्तादांनी दिलेली वळकटी हाच त्याचा संसार.

अंगात चपळाई होती, डावही पाठ होते. अडचण एकच. त्याच तालमीत एक धिप्पाड मल्ल होता, आणि तो दारात उभा राहिला की आत अंधार व्हायचा. वस्तादांनी त्याच्याशी खेळायला सांगितलं, की शेलाट्याचं काही ना काही दुखायला लागायचं. आज गुडघा, उद्या पोट. वैद्यबुवा बिचारे काढे उकळून दमले, पण भीतीवरचा काढा त्यांच्याकडे नव्हता.

शेवटी वस्ताद म्हणाले, "उद्या सबब नको. उतरायचं मातीत."

तालमीची रीत अशी होती, की झोंबण्याआधी दोघांनी एकमेकांच्या अंगाला माती लावायची, म्हणजे पकड बसते. शेलाट्याने मात्र सकाळीच गुपचूप अंगाला तेल चोपडलं आणि धिप्पाडाचा हात लागायच्या आत वर स्वतःच नावापुरती माती भुरभुरवली. धिप्पाडाने खांदा धरला, हात सटकला. कंबर धरली, तीही सटकली. शेलाटा मनातून खूश झाला. पुन्हा निसटायला गेला, तोल गेला आणि असा आपटला की खांदा टम्म सुजला.

वस्तादांनी त्याच्या दंडावर बोट फिरवून वास घेतला. "हरला असतास तर पाठ थोपटली असती," ते म्हणाले. "पण मातीत उतरून पकड चुकवतोस? आता तुझी जोड तूच शोध. पौर्णिमेपर्यंत मिळाली नाही, तर वळकटी उचलायची."

खांदा बरा झाला, पण जोड मिळेना. "तुझ्या अंगाला कोण हात लावणार बाबा?" असं म्हणून सगळे हसत पुढे जायचे. ते जोडीजोडीने खेळायचे, मग एकमेकांच्या पाठी रगडत गप्पा मारायचे. शेलाटा पायरीवर बसून बघायचा. आपलं म्हणावं असं या जगात कुणीच उरलं नाही, असं वाटून त्याला रडू यायचं.

पौर्णिमा तोंडावर आली. त्या सकाळी डोळे पुसता पुसता त्याचं लक्ष आखाड्यापलीकडे गेलं. तिथे धिप्पाड मल्लही एकटाच बैठका मारत होता. त्यालाही जोड नव्हती. त्याला भीत सगळेच होते, फक्त बाकीच्यांच्या सबबी जरा बऱ्या होत्या.

शेलाटा उठला. आखाडा ओलांडून त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"दादा, माझ्या अंगाला माती लावता का?"

"लावली तर हातात सापडशील," धिप्पाड म्हणाला.

"सापडेन."

"पडशीलही."

"पडेन. पण आता एकटं बसवत नाही हो."

धिप्पाडाने ओंजळभर माती घेतली आणि सावकाश त्याच्या पाठीला, दंडांना लावली. दोघे भिडले. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शेलाटा हवेत होता. त्याने डोळे गच्च मिटले. पण या खेपेला तो आपटला नाही. एक रुंद पंजा त्याच्या मानेखाली होता, आणि त्या पंजाने त्याला अलगद मातीवर टेकवलं.

"त्या दिवशी तू धरूच देईनास," धिप्पाड म्हणाला. "धरू दिलं असतंस, तर खांद्यावर आपटू दिलं असतं का मी?"

शेलाटा उठून उभा राहिला. त्याने शड्डू ठोकला.

"पुन्हा!"

धिप्पाडाने पुन्हा ओंजळभर माती उचलली.

"इतकी वर्षं या मातीत आहे," तो म्हणाला, "मला पुन्हा म्हणणारा तूच पहिला."

तात्पर्य: भीतीपोटी जो कुणाच्याच हाती लागत नाही, त्याला पडताना सावरायलाही कुणाचा हात मिळत नाही.