वस्तादांच्या मागचा खांब

“शाहिराचा आवाज पडू द्यायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही.”

“का?”

शलाकानं हे विचारलं तेव्हा तिला पथकात येऊन एक दिवसही झाला नव्हता.

दौलूअण्णांचा हात ढोलकीवर पडता पडता हवेतच राहिला. ते पथकातले सगळ्यांत जुने शिष्य. नियम त्यांनीच सांगितला होता आणि त्यांना तो ज्यांनी सांगितला त्यांनाही कुणी का म्हणून विचारलं नव्हतं. त्यांनी वस्तादांकडे पाहिलं.

वस्ताद म्हणजे शाहीर केरबा आमणे. तालमीच्या ओट्यावर निखारे घेऊन ते डफ शेकत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मागं उभी राहा,” ते म्हणाले.

एवढंच.

ती मागे उभी राहिली. झीलकऱ्यांत. शाहीर पुढे गातो, झीलकरी मागून त्याची ओळ उचलतात आणि जी जी करत वर नेतात. शाहिराचा दम मध्येच तुटला, तर तुटला तिथूनच उचलतात, ऐकणाऱ्याला सांधा लागू नये असा. शलाकाचा गळा पोरींच्या मानानं जाड. शाळेत त्यावरून तिला खूप चिडवायचे. पण वस्तादांच्या उंच सुरात तो असा मिसळायचा की दूध कुठलं आणि पाणी कुठलं, सांगता येऊ नये. वर्षं सरली, वस्ताद म्हातारे झाले. गावाला त्याचा पत्ता लागला नाही.

यंदा वस्तादांची पंच्याहत्तरी. गावाबाहेरच्या माळावर मोठा कार्यक्रम ठरला होता. महापुरात होडी हाकून माणसं काढणाऱ्या एका कोळणीचा पोवाडा वस्तादांनी बांधला होता. त्याचे चार चौक, म्हणजे चार भाग. वस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले होते, “शेवटचा चौक शलाका म्हणंल. पुढं उभी राहून.”

या पथकात पुढे उभी राहिलेली बाई आजवर नव्हती.

पथकाचे जुने स्पीकर फाटले होते. म्हणून शलाका शहरातल्या दुकानातून दोन संच बघायला घेऊन आली. दुपारच्या वेळी तालमीत पैलवान नव्हते. एका भिंतीला तिनं तिकाटण्यांवर दोन जाडजूड खोकी चढवली. शेजारी दुसरा संच उभा केला.

सर्जेराव बापूंनी त्या दुसऱ्याकडे पाहिलं. बापू तालमीचे अध्यक्ष. पथक तालमीचं, म्हणून पथकाचेही.

“हे काय गं?”

“कॉलम स्पीकर, बापू.”

“मला वाटलं मांडववाला खांब विसरून गेला.”

दौलूअण्णा मनापासून हसले. “आमच्याकडं दोरी बांधाय येईल त्याला. धुणं वाळत घालू.”

शलाकानं दात आवळले. मग सांगितलं. खाली हा बसका डबा, ढोलकीचा दणका यातून येणार. वरच्या खांबात बारके स्पीकर, एकावर एक. पुढच्या रांगेचे कान फुटत नाहीत आणि शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचतो. सुटा करून दोन पिशव्यांत भरला की रिक्षातून नेता येतो.

“आणि हा पुढं नाही ठेवायचा,” ती म्हणाली. “आपल्या मागं उभा करायचा. लोकांना जे ऐकू येतं, तेच आपल्यालाही येतं.”

“आपल्याला कशाला ऐकायचं?” दौलूअण्णा म्हणाले. “गातोय आपण. काय गातोय ते आपल्याला ठावं नाही व्हय?”

“अण्णा, खोक्यांची तोंडं लोकांकडं असतात. मागं उभं राहिलं की नुसता दणका. आपलाच आवाज लागत नाही म्हणून ओरडावं लागतं. मागच्या जत्रेनंतर माझा घसा बसला होता.”

“बसतोय तसा उठतोय.”

“तुमचा कधी बसला?”

“मी ढोलकी वाजवतो.”

“तेच म्हणते मी.”

बापू खाकरले. ओट्यावर बसलेले वस्ताद यातलं काही ऐकत नव्हते असं दिसलं. ते उठले, आखाड्याच्या कडेनं चालत पार दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावर बसले. सगळ्यांकडे पाठ करून.

“लावा,” ते म्हणाले.

आधी खोकी लावली. दौलूअण्णांनी ढोलकीवर थाप मारली, शलाकानं माइकवर दोन ओळी म्हटल्या. आखाड्याची माती हादरली. बापूंनी छातीवर हात ठेवला.

“हितं बसतंय बघ. ह्याला म्हणायचं आवाज.”

उंबऱ्यावरून वस्तादांनी विचारलं, “शब्द कुठला होता?”

“आं?”

“आत्ता पोरीनं म्हटला तो.”

बापूंनी दौलूअण्णांकडे पाहिलं. दौलूअण्णांनी ढोलकीकडे.

“शब्दाचं काय घेऊन बसलाय, वस्ताद,” बापू म्हणाले. “दणका बघा की.”

वस्तादांनी हातानंच पुढचं लावायची खूण केली.

मग खांब. त्याला दोन माइक लागले. एक पुढे, दौलूअण्णांच्या हातात. दुसरा शलाकाच्या हातात. ती मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, जिथे झीलकरी उभा राहील तिथे. बापू लांब गेले, दाराजवळ, वस्तादांच्या शेजारी.

“म्हणा.”

शलाकानं सूर लावला.

“चढलं पाणी वेशीवरी, बुडाल्या पायऱ्या देवाच्या, जी र जी जी…”

दौलूअण्णांना थट्टा सुचली. ते माइक तोंडाशी धरून शाहिरासारखा हात उडवू लागले, ओठ हलवू लागले, डोळे मिटून मान डोलवू लागले.

“दौल्या,” बापू दारातून ओरडले, “तुझा गळा असा कधीपास्नं झाला रं?”

दौलूअण्णांनी बाहेर जाऊन पिंक टाकली आणि आत आले. “माझा कुठला? माझ्या तोंडात तंबाखू होता.”

सगळे हसले. शलाकाही हसली. नंतर तिला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

बापूंचं हसू मध्येच थांबलं.

“पुन्हा म्हण गं. दौलू, तू नुसतं तोंड हलव. नीट हलव, माकडावाणी नको.”

तिनं पुन्हा म्हटलं. बापू या कोपऱ्यात गेले. त्या कोपऱ्यात गेले. अगदी जवळ येऊन त्यांनी खांबाला कान लावला आणि लांब गेले.

“कुणाच्या गळ्यातनं येतोय, काही कळत नाही,” ते स्वतःशीच म्हणाले. “समोर जो उभा, त्याचाच वाटतोय… हाच घ्यायचा.”

“म्हटलं होतं मी,” शलाका म्हणाली. तिला खरंच आनंद झाला.

“शिकलेली पोरगी आहे बाबा. हुशार आहे.” बापू खाली वाकले. खालच्या डब्यावर माइकांची बटणं होती. “हे वस्तादांच्या माइकचं ना?”

“हो.”

“आणि हे तुझं.”

“हो.”

“मग असं.” बापूंनी पहिलं बटण फिरवत फिरवत पार शेवटाला नेलं. बंद. “वस्ताद पुढं फेटा बांधून उभे राहतील. मागं पडदा लावू, पंच्याहत्तरीचा फलक लावू. तू पडद्याआड. अख्खा पोवाडा तू म्हणायचा. लोकं म्हणतील, पंच्याहत्तरीत काय गळा आहे म्हाताऱ्याचा.”



“आणि शेवटचा चौक?” शलाकानं विचारलं.

“तोबी वस्तादच म्हणतील.”

“म्हणजे मीच.”

“तेच ते.”

“तेच ते कसं, बापू?”

“हे बघ, लोकं वस्तादांसाठी येणार. त्यांना वस्ताद दिसणार. पोवाडा ऐकू येणार. कुणाचं काय गेलं?”

“माझं.”

“तुझं काय? झीलकऱ्याचं नाव पत्रिकेत छापलेलं बघितलंयस कधी?”

“नाही. पण झीलकऱ्याला पडद्याआड उभं केलेलंही बघितलं नाही.”

दौलूअण्णांनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. त्यांचा आवाज मऊ झाला. “पोरी, वर्षानुवर्षं हेच करतीस की तू. वस्तादांचा दम तुटला की उचलतीस. आता थोडं जास्त उचलायचं.”

“अण्णा, फाटलेल्याला टाका घालणं वेगळं. ही सगळी चादरच माझी आहे आणि तुम्ही तिच्यावर दुसऱ्याचं नाव काढताय.”

“गुरूसाठी लोकांनी जीव दिलेत.”

“जीव एकदा दिला की सुटतो माणूस. मला पुढच्या जत्रेतही गायचंय. त्याच्या पुढच्याही.”

“हे त्या कॉलेजनं केलं,” बापू दौलूअण्णांना म्हणाले. जणू ती तिथे नव्हतीच.

“कॉलेजात पोवाडा शिकवत नाहीत, बापू. जे शिकले ते इथंच. तुमच्यासमोर.”

“मग इथला नियमबी शिकलीस ना? शाहिराचा आवाज पडू द्यायचा नाही.”

“शिकले.”

“मग?”

हा खांब तिनं शोधला होता. दुकानात उभं राहून, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, लाज सोडून, त्यावर गाऊन पुन्हा पुन्हा तपासला होता. मागच्या माणसाचा आवाज पुढच्याइतकाच ऐकू यावा म्हणून. आणि यांनी त्यातून नेमकं काय काढलं, तर मागचा माणूस लपवायची सोय.

ती दाराकडे वळली.

“वस्ताद, तुम्ही बोला.”

वस्तादांची पाठ तशीच होती.

“वस्ताद, शब्द तुम्ही दिला होता. सगळ्यांसमोर.”



“तो खांब माझ्या मागं उभा करणार म्हणालीस?” वस्तादांनी विचारलं.

“काय?”

“मी नेमका कुठं उभा राहू?”

शलाकाला वाटलं, संपलं. हेही त्यातलेच. न्याय मागितला तर हे जागा विचारतायत. पडद्याच्या कोणत्या बाजूला तोंड हलवू, एवढंच यांचं अडलंय. तिनं हातानं जागा दाखवली.

वस्ताद उठले. आखाड्याच्या कडेकडेनं, भिंतीचा आधार घेत आले. खांबासमोर उभे राहिले. मग खाली वाकले, गुडघा धरून, आणि बापूंनी बंद केलेलं बटण बोटानं चाचपत उलटं फिरवलं. दौलूअण्णांकडून माइक घेतला. दारातून बाहेरचा रस्ता दिसत होता, तिकडे तोंड केलं.

“मागं उभी राहा,” ते म्हणाले.

ती गेली. पाय आपसूक गेले, आणि तिला त्या पायांचाही राग आला. माइक तिच्या हातातच होता, चालू.

दौलूअण्णांनी घाईनं ढोलकी ओढली. बापूंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. म्हाताऱ्यानं पोरीला जागेवर आणलं होतं.

वस्तादांनी सूर लावला.

“चढलं पाणी वेशीवरी…”

ओळ वर चढू लागली. सूर थरथरत होता, तरी चढत होता. “बुडाल्या पायऱ्या…”

आणि तुटला.

पुढचा शब्द नुसत्या हवेसारखा आला. तिथे शलाका असायची. वर्षानुवर्षं नेमकी तिथेच. दौलूअण्णांची बोटं ढोलकीवर थांबली, ती येईल म्हणून.

ती आली नाही.

“उचल,” दौलूअण्णा कुजबुजले. खांबानं ती कुजबुजसुद्धा दारापर्यंत नेली.

वस्तादांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी तीच ओळ पुन्हा सुरुवातीपासून घेतली. या वेळी आधीच तुटली. चिरकलेला, घोगरा, फाटक्या भात्यासारखा आवाज तालमीच्या चारी भिंतींपाशी जाऊन उभा राहिला. लपायला कुठेच जागा नव्हती. एकेक शब्द कळत होता. एकेक शब्द कुठे मोडतो तेही कळत होतं.

पुढचा सूर शलाकाच्या ओठांपर्यंत आला. सवयीनं. तिनं ओठ मिटून घेतले.

“उचल की गं,” बापू म्हणाले. “उचल. म्हातारा तोंडघशी पडतोय. दिसत नाही तुला?”

“दिसतंय.”

“मग?”

“नाही उचलणार.”

ती ओरडली नव्हती. बोलली होती फक्त. माइक तोंडाजवळ होता, एवढंच.

“पडद्याआडून तर नाहीच. आणि आत्ताही नाही. वस्तादांचे चौक वस्ताद म्हणतील, जसे येतील तसे. माझा चौक मी म्हणेन, पुढं उभी राहून, माझ्या तोंडानं. ते चालणार नसेल तर दुसरी बघा. गळा भाड्यानं देणारी कुठंतरी मिळेल तुम्हाला.”



दौलूअण्णांनी ढोलकीच्या पुडीवर हात पालथा घातला आणि तसाच ठेवला. त्यांनी वस्तादांकडे पाहिलं. पण वस्ताद त्यांच्याकडे पाहत नव्हते, तिच्याकडेही नव्हते. माइक खाली घेऊन ते उभे होते. मान थोडी मागे कलली होती, खांबातून आलेला आपलाच आवाज अजून ऐकत असल्यासारखी.



“हा खांब परत देऊ नका,” वस्ताद म्हणाले. “शेवटचा चौक ठरलाय तसाच. हा आवाज माझा आहे.”