बॉनेटवरची लाल लोकर

एकदा एका उद्योगनगरीत एक वृद्ध उस्ताद राहत होते. त्यांचं खरं नाव काय, हे गल्लीत कुणालाच आठवत नसे आणि त्याची कुणाला गरजही पडत नसे. त्यांनी हयातभर मोटारींची इंजिनं बांधली होती. आता डोळे साथ देईनासे झाल्यावर ते गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि कुणी विचारलं तरच बोलत. न विचारता सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे मुळीच वानवा नाही, त्यामुळे उस्तादांचा हा गुण पुष्कळांना दोष वाटे.

त्यांचा एक शिष्य होता, धनाजी. हात कुशल, डोकं तल्लख आणि जीभ दोहोंच्या पुढे. सर्जेराव नावाच्या थोरल्या भावाबरोबर तो एक गॅरेज चालवी. इंजिन धनाजीकडे आणि पत्र्याचं काम सर्जेरावाकडे, अशी वाटणी होती. वडील, म्हणजे आबा, गेल्यावर त्यांची जुनी मोटार भंगारात देणं दोघांच्याही जिवावर आलं. तेव्हा त्यांनी बाहेरून एका छोट्या, उघड्या, दोन माणसांच्या गाडीचा सांगाडा आणि सुटे भाग मागवले, त्यात वडिलांच्या मोटारीचं इंजिन बसवलं आणि घरच्या घरी एक शर्यतीची गाडी उभी केली. बॉनेट मात्र सर्जेरावाने पत्रा ठोकून हाताने घडवलं. गाडी पुरी झाली की गावाबाहेरच्या माळावर जो शर्यतीचा ट्रॅक आहे, तिथे दोघांनी एकत्र बसून पहिली फेरी मारायची, असं ठरलं होतं.

ती फेरी झाली नाही. का झाली नाही, ते यथावकाश कळेल. आपण कथा उचलू ती एका सकाळी, जेव्हा धनाजी गाडी ओढत उस्तादांच्या दारात आला. गाडीच्या तोंडातून वाफ येत होती.

"काय झालं रं?" उस्तादांनी विचारलं.

"तापायलीया, उस्ताद. रस्त्यावर कितीबी पळवा, तापाचा काटा जागचा हालत न्हाई. ट्रॅकवर न्हेली, जरा जोरात सोडली, की काटा लालमधी. मागं एकदा अशीच तापली तवा इंजनाचं हेड वाकलं. सरळ करून घेतलं. आता परत तापली तर ब्लॉकच तडकंल. आबांचं इंजन हाय ते. दुसरं कुठनं आणू?"

"मग तू काय काय केलंस?"

धनाजीने केलेल्या उपायांची यादी लांबलचक होती. रेडिएटर मोठा बसवला. एका पंख्याचे दोन केले. पाण्याची वाट अडवणारा थर्मोस्टॅट काढून टाकला. पाण्यात घालायचं महागडं औषध आणलं. हवा भरपूर मिळावी म्हणून पुढचं तोंड कापून रुंद केलं आणि त्यावरची जाळीही काढली. प्रत्येक उपायानंतर तो मोठ्या आशेने माळावर गेला होता आणि प्रत्येक वेळी गाडी दोरीने बांधून परत आणली होती.

उस्तादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून ते घरात गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात लाल लोकरीचा गुंडा होता. पत्नीच्या अर्धवट राहिलेल्या स्वेटरचा तो असावा. त्यांनी कात्रीने लोकरीचे वीतभर लांबीचे तुकडे केले आणि चिकटपट्टीने एकेक तुकडा गाडीला लावायला सुरुवात केली. काही तोंडाच्या कडेला, काही बॉनेटवर पुढे, काही मागे, काही बाजूंना. गल्लीतली माणसं जमली. "उस्ताद, बेंदराच्या सणाचा बैल सजवायलाईसा काय?" कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला. धनाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण आशेने म्हाताऱ्याकडे आलो आणि म्हातारा खेळ मांडून बसला, असं त्याच्या मनात आलं. पण गुरूला उलटून बोलायची हिंमत त्याला अजून झाली नव्हती.

इंजिन निवल्यावर त्यात पाणी भरून घेतलं. "चल, माळावर," उस्ताद म्हणाले आणि शेजारच्या आसनावर जाऊन बसले.

त्या आसनावर बसणारा तो पहिलाच माणूस. धनाजीला हे जाणवलं आणि त्याने ते मनातून झटकून टाकलं.

ट्रॅकवर पहिली फेरी सावकाश झाली. तोंडाजवळचे धागे आज्ञाधारकपणे आत वळले होते. "आता सोड," उस्ताद म्हणाले. धनाजीने वेग वाढवला आणि डोळ्यांसमोर एक विलक्षण गोष्ट घडली. जसजसा वेग वाढला, तसतसे तोंडाजवळचे ते लाल धागे आत जाण्याऐवजी उलटे फिरले आणि काठावरून वर येऊन बॉनेटवर फडफडू लागले. अगदी पुढच्या भागात, रेडिएटरच्या जरा मागे, काही धागे मात्र कुणी वरून चिमटीत धरल्यासारखे ताठ उभे होते. काटा चढू लागला. उस्तादांनी हात वर केला. धनाजीने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"बगितलंस?"

"बगितलं. पर उमगलं न्हाई."

"हवा दारापतुर येती आन् माघारी फिरती. का फिरती? आत जागाच न्हाई. आधी आलेली हवा तितंच कोंडून बसलीया. तू दार मोठं केलंस, दोन पंखे लावलंस. पर आत आलेल्यानं भाईर कुठनं पडायचं, ते ठेवलंसच न्हाई. रस्त्यावर भागलं, कारण तितं हवा बी थोडी आन् ताप बी थोडा. हितं जेवढं जोरात जाशील तेवढी ती जास्त कोंडणार."

एवढं बोलून त्यांनी खिशातून खडू काढला आणि जिथे धागे ताठ उभे राहिले होते, तिथे बॉनेटवर आडव्या रेघांच्या दोन ओळी काढल्या. "हितं खाचा पाड. हितं वरची हवा आतल्या हवंला वढून घेती."

धनाजी त्या रेघांकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"काय झालं?"

"हितंच हुत्या," तो पुटपुटला.

"काय हुत्या?"

"खाचा. दादानं पाडल्या हुत्या. हितंच. अशाच दोन वळी."

"मग गेल्या कुठं?"

धनाजीला सांगावं लागलं. गाडी तयार झाली, तेव्हा एक बडं गिऱ्हाईक गॅरेजात आलं होतं. बॉनेट बघून ते हसत म्हणालं होतं, "खोबरं किसायची सोय केलीया व्हय?" सगळे हसले. धनाजीही हसला, पण ते शब्द त्याच्या मनाला लागले. खंडेनवमी जवळ आली होती. त्या दिवशी अवजारांची आणि गाड्यांची पूजा असते, सगळी गल्ली गॅरेजात येऊन जाते. सर्जेराव सासुरवाडीला गेला होता. तो यायच्या आत धनाजीने सगळ्या खाचा आतून पत्रा झाळून बुजवून टाकल्या, वरून पुट्टी भरली आणि आरशासारखा रंग चढवून घेतला. दादाला विचारायला हवं, हे त्याच्या मनातही आलं नाही. खंडेनवमीला सर्जेराव झेंडूचा हार घेऊन आला आणि त्या गुळगुळीत बॉनेटसमोर थांबला. त्याने त्यावरून तळवा फिरवला. मग एवढंच म्हणाला, "आतनं तापली म्हंजे?"

सगळ्या गल्लीसमोर धनाजीने उत्तर दिलं होतं, "इंजन माझं काम हाय. तू पत्र्याचं बग."

सर्जेरावाने हातातला हार गाडीला घातला नाही. आपल्या हातोड्यांना घातला आणि नमस्कार करून बाहेर पडला. दिवाळीच्या आधीच तो दुसऱ्या गावी बसगाड्यांच्या बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागला. भांडण झालं नाही, शिवीगाळ झाली नाही, त्यामुळे तो नक्की कशाने गेला हे धनाजीला समजलंच नाही. असंही म्हणता येईल की समजून घ्यायची त्याने तसदी घेतली नाही.

"मग त्याला माघारी आणायला काय केलंस?" उस्तादांनी विचारलं.

"काय काय न्हाई केलं, उस्ताद! त्याच्यासाठी रंग मारायची नवी स्प्रेगन घेतली. गॅरेजात निम्मा वाटा देतो म्हणून निरोप धाडला. पोरांना कापडं पाठवली. आता गाडी ट्रॅकवर नीट पळाली, चार माणसांनी नाव घेतलं, की त्याच्या कानावर जाईल आन् येईल, असं वाटत हुतं. त्यासाठीच तर ही सगळी धडपड."

उस्तादांनी बॉनेटवरचा एक लाल धागा अलगद सोडवला.

"धना, गाडीचं जे केलंस तेच भावाचं केलंस. मोठा रेडिएटर, जादा पंखा, नवी स्प्रेगन, निम्मा वाटा. समदं आत घालायचं. त्याच्या आत जे कोंडलंय ते भाईर पडायला वाट ठेवलीस का? त्यानं एक सवाल केला हुता, तो बी तू चारचौघांत बुजवलास. आता त्याला काय देऊ नगंस. तू जा, म्होरं बस आन् ऐक. आन् तो बोलत असताना जाब देऊ नगंस."

"येईल तो परत?"

"ते मला काय ठावं?" उस्ताद म्हणाले. "मी इंजनाचा मिस्त्री."

धनाजीने रंग खरवडला. पुट्टीचे तुकडे पडले आणि खाली झाळलेला पत्रा दिसू लागला. तो काढताना दादाच्या खाचांचे काठ फाटले. ज्या सफाईने ते घडवले होते तशी सफाई त्याच्या हातात नव्हती. तरी खाचा मोकळ्या झाल्या. पुढच्या रविवारी गाडी माळावर फेऱ्यांमागून फेऱ्या पळाली आणि काटा मध्यावर जो थांबला तो हलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कधी काळी त्याला याचा केवढा आनंद झाला असता. आता त्याला राहून राहून एवढंच वाटत होतं, की ही गाडी खंडेनवमीच्या दिवशीही अशीच पळाली असती.

दुसऱ्या दिवशी तो तीच गाडी घेऊन भावाच्या गावी गेला. जेवणाची सुट्टी झाली होती. सर्जेराव कारखान्याच्या फाटकाबाहेर आला, गाडीकडे पाहिलं, खाचांकडे पाहिलं आणि शेजारच्या कट्ट्यावर बसला.

"दादा," धनाजी म्हणाला, "तू खंडेनवमीला एक इचारलं हुतंस. त्याचं उत्तर काट्यानं लालमधी जाऊन दिलं. मी चुकलो. आज मी काय बोलणार न्हाई. तू बोल."

सर्जेराव खालच्या आवाजात, थांबत थांबत बोलू लागला. आधी हाराचं बोलला. मग गिऱ्हाइकाच्या हसण्याचं. "तो हासला त्याचं काय न्हाई रं. तू हासलास." मग तो मागे मागे जात राहिला. आबांच्या आजारपणात कोणत्या दवाखान्यात न्यायचं ते धनाजीने एकट्याने ठरवलं होतं. गॅरेजच्या पाटीवर एकट्याचं नाव घातलं होतं. आई असतानाही जेवताना घरात धनाजी बोले आणि सर्जेराव हूं म्हणे. त्यातल्या काही गोष्टी धनाजीला आठवतही नव्हत्या. काहींना त्याच्याकडे चोख उत्तरं होती आणि ती जिभेच्या टोकावर आली होती. त्याने ती गिळली. ऐकता ऐकता त्याला रडू कोसळलं. हा माणूस आपल्या शेजारी जेवला, झोपला, वाढला आणि एवढं सगळं आत घेऊन आपल्यासोबत राबला, हे त्याला आज कळत होतं.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. सर्जेराव उठला. त्याचा चेहरा उन्हातून सावलीत आलेल्या माणसासारखा निवला होता.

"दादा, घरला चल," धनाजी म्हणाला.

"न्हाई रं. पोरं हितल्या शाळंत रुळली. ही बी रमली. माझं बी हितं बस्तान बसलंय." तो जरा थांबला. "त्याच दिवाळीत आला असतास तर आलो असतो. घरला यायला मी पेटी बांधून ठेवली हुती. वाट बगितली तुझी."

मग त्याने खिशातून लहानशी कानस काढली, बॉनेटवर वाकून एका खाचेचा फाटका काठ घासला आणि बोटाने चाचपून पाहिला. "बोचतोय. हात कापंल कुणाचा तरी," असं म्हणून त्याने ती कानस धनाजीच्या हातात दिली आणि तो फाटकातून आत गेला.

धनाजी परत आला तेव्हा उस्ताद दारातच बसले होते.

"बोलला?"

"बोलला."

"आला?"

धनाजीने नकारार्थी मान हलवली. उस्तादांनी त्याचं सांत्वन केलं नाही. त्यांनी फक्त खुर्ची जराशी सरकवून त्याला पायरीवर जागा करून दिली. धनाजी तिथे बसला, कानस बाहेर काढली आणि भावाने अर्ध्यावर सोडलेला काठ कसा घासायचा, ते म्हाताऱ्याला विचारू लागला. त्या दिवसापासून गल्लीत तो पूर्वीपेक्षा कमी बोलू लागला. गाडीतलं शेजारचं आसन त्याने कधी काढलं नाही आणि त्यावर कुणाला बसूही दिलं नाही.

वाचकहो, आपल्या घरातही कुणीतरी एकदा हळूच काही विचारलेलं असतं आणि आपण ते बुजवून त्यावर रंग दिलेला असतो. त्या माणसाची पेटी अजून दारात आहे तोवर जाऊन त्याच्यासमोर बसावं.