टाचणी लावलेले पान

येशुप्रिय महाराज त्या वर्षी सुगी आटोपल्यावर प्रवरेकाठच्या निंबेगावी आले. अंगात जाड्याभरड्या कापडाची कफनी, खांद्याला झोळी आणि झोळीत पवित्र शास्त्र, एवढाच त्यांचा संसार. महाराजांनी एकतारीवर भजन धरले की वाटेने जाणारी माणसे वाट वाकडी करून येत. निंबेगावातही लोक आले, ख्रिस्तमंदिराच्या पटांगणात बसले आणि थोड्या वेळाने जांभया देऊ लागले. महाराज रागावले नाहीत. गावाची नाडी त्यांना कळली. इथे रविवारची उपासना चुकत नव्हती, घंटा चुकत नव्हती. पण शास्त्राचा शब्द कानांवरून निघून जात होता आणि आत कोणाचे काही हलत नव्हते.

उपासना चालवीत शलमोन मास्तर. मिशनच्या शाळेचे हेडमास्तर, गावात त्यांच्या शब्दाला मान. स्वतःच्या वाचनाचा त्यांना भारी अभिमान होता. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, आणि वेग असा की अध्याय सुरू कधी झाला आणि संपला कधी याचा पत्ता लागू नये. लोक डोळे मिटून ऐकत. ते भक्तीने मिटले आहेत असे मास्तरांना वाटे. वाटेना का बापडे!

त्याच मंदिरात मागच्या भिंतीला टेकून बारनबा बसे. दोर वळून पोट भरणारा साधा माणूस. लहानपणापासून त्याची जीभ अडखळे. एकेका शब्दापाशी घोडे अडायचे. मिशा पिकायला लागल्यावर तो हट्टाने अक्षरे शिकला, आणि उपासनेत एकदा तरी आपण शास्त्र वाचावे ही एकच हौस त्याने धरली. एका रविवारी धीर करून त्याने मास्तरांना विचारले. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, “अरे बारनबा, तू आज वाचायला घेतलंस तर आमेन म्हणायला नाताळ उजाडेल.” मंदिर हसले. बारनबाही हसला, बिचारा दुसरे काय करणार? पण त्या दिवसापासून तो मंदिरामागच्या चिंचेखाली एकटाच वाचू लागला.

महाराजांनी त्याला तिथेच गाठले. पाठीमागे उभे राहून ते बराच वेळ ऐकत राहिले. चाहूल लागताच बारनबाने ओशाळून पुस्तक मिटले, तेव्हा महाराज म्हणाले, “थांबू नकोस. तू वाचतोस तेव्हा पुढच्या शब्दाची वाट पाहावी लागते. फार दिवसांत मी अशी वाट पाहिली नव्हती.”

महाराजांचा मुक्काम मास्तरांकडे होता. घर नीटनेटके, पाहुणचारात काही कमी नाही. पण मास्तरांची पत्नी तबिथाबाई ताट वाढून गेली, पाणी ठेवून गेली आणि एक शब्द बोलली नाही. महाराजांनी विचारले तेव्हा मास्तरांचा खणखणीत आवाज खाली आला. त्यांचा एकुलता एक मुलगा आशीर्वाद विषमज्वराने गेला होता. त्याला माती देऊन घरी आले त्या दिवसापासून बाईची वाचाच बसली होती. रडली नाही, ओरडली नाही. नुसती गप्प झाली. नगरच्या डॉक्टरांनी तपासून घशात काही दोष नाही म्हणून सांगितले होते. मंदिरात येणेही तिने सोडले होते.

“तिच्याजवळ शास्त्र वाचता?” महाराजांनी विचारले.

मास्तर म्हणाले की रोज सकाळी वाचतो, पण जपून वाचतो. तिच्या जिवाला लागेल असे काही वाचत नाही. हे सांगताना त्यांना आपल्या शहाणपणाचे थोडे कौतुकच वाटत होते. महाराज म्हणाले, “उद्या सकाळी सगळ्यांना तुमच्या ओटीवर बोलवा. मंदिरातलं वाचन थांबलंय तिथून पुढे वाचू. ओळीनं, काही न गाळता. बारनबा वाचेल.”

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. पण पाहुणा, त्यातून साधू. नाही कसे म्हणणार? गावापुढे फजिती होईल ती बारनबाची होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि सकाळी ओटीवर सतरंजी अंथरली. माणसे जमली. तबिथाबाई नेहमीसारखी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून, भिंतीकडे तोंड करून बसली. महाराजांनी डोळे मिटून लहानशी प्रार्थना केली आणि मास्तरांच्या घरचे शास्त्र बारनबाच्या हाती दिले.

गेल्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानात शंभर शिपायांवरच्या शताधिपतीचा चाकर बरा झाला होता. बारनबाने पुढचे पान उलटायला घेतले, ते उलटेना. दोन पाने एकमेकांना टाचणीने जोडलेली होती.

मास्तर चटकन पुढे झाले. “तेवढं सोड. त्याच्या पुढचं वाच.”

“का बरं, मास्तर?” महाराजांनी शांतपणे विचारले.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, “महाराज, त्यात एका आईचा मुलगा गेलाय. तिनं ऐकलं तर तिचं काही बरंवाईट होईल. तेवढं पान नको, पाया पडतो.” बायकोला जपायला टाचणी लावली हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण मुलगा गेल्यापासून ते पान त्यांनी स्वतःही उघडले नव्हते. इतके भराभर वाचणारा माणूस त्या एका पानाला भीत होता.

महाराजांनी त्यांचा हात हातात घेतला. “आपण ज्या पानाला टाचणी लावतो, मास्तर, तिथंच प्रभू आपली वाट पाहत उभा असतो. वाच, बारनबा.”

बारनबाने टाचणी काढून मास्तरांच्या तळहातावर ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. नाईन नावाचे गाव, वेशीतून बाहेर निघालेली तिरडी, आणि आईला एवढा एकच मुलगा. सारे अडखळत अडखळत येत होते. मास्तरांनी हेच कितीदा एका दमात वाचून टाकले होते! आज एकेक शब्द येऊन समोर थांबत होता आणि त्याला टाळून पुढे जायला वाट नव्हती. ती तिरडी त्यांना दिसली. खांदा देणारे दिसले. मागे चालणारी बाई दिसली, आणि तिचे तोंड आपल्या घरातल्या बाईचे आहे हेही दिसले. ओटीवरची माणसे पुढे सरकून बसली होती. जांभई कोणाला आठवत नव्हती.

प्रभूला त्या आईचा कळवळा आला आणि तो तिला म्हणाला, इथपर्यंत बारनबा आला आणि अडला. “र…” म्हणाला आणि पुढे जाईना. कपाळावर घाम आला, मानेची शीर ताठ झाली, शब्द काही सुटेना. कोणी हसले नाही. सगळे त्या शब्दाची वाट पाहत होते. मास्तरांना तो पाठ होता. पण ओठ उघडले तरी त्यांच्याच्याने तो म्हणवेना.

तेव्हा आतल्या दारातून आवाज आला. गंजलेल्या कडीसारखा, पण स्पष्ट.

“रडू नको.”

तबिथाबाईने तोंड वळवले होते. तेच शब्द तिने पुन्हा एकदा, स्वतःशीच म्हटले, आणि मग तिला रडू कोसळले. कोंडून ठेवलेले सारे रडणे त्या सकाळी वाहून गेले. बायकांनी तिला धरले, पण महाराजांनी खुणेने सांगितले की अडवू नका. पुष्कळ वेळाने तिने पदराने डोळे पुसले आणि बारनबाला म्हणाली, “दादा, पुढचं वाचा.”

बारनबाने वाचले. मुलगा उठून बसला, बोलू लागला आणि प्रभूने त्याला त्याच्या आईच्या हवाली केले. तबिथाबाई महाराजांकडे बघत म्हणाली, “तिचा उठला, महाराज. माझा नाही उठला.”

महाराजांच्या डोळ्यांत पाणी होते. ते म्हणाले, “माई, तुझ्या आशीर्वादची गोष्ट अजून संपली नाही. शेवटचं पान प्रभूच्या हातात आहे. तू वाचत राहा.”

आता कोणी म्हणेल, घशात दोषच नव्हता, मग यात चमत्कार तो काय? त्याने खुशाल म्हणावे. निंबेगावात त्या दिवसापासून घराघरांतली शास्त्रे फळीवरून खाली आली आणि संध्याकाळी गल्लीतून चालताना वाचनाचे आवाज ऐकू येऊ लागले, हे मात्र सगळ्या गावाने ऐकले.

आणि मास्तर? त्या सकाळी त्यांनी मूठ उघडली तेव्हा टाचणी तळहातात रुतून रक्ताचा थेंब आला होता. ते उठले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवू लागले. महाराजांनी त्यांना वरच्यावर धरले आणि नुसते बारनबाकडे पाहिले. मास्तरांना उमगले. सगळ्या गावासमोर ते दोर वळणाऱ्या त्या माणसापुढे वाकले, आणि ज्याला जन्मभर अरेतुरे केले त्याला हात जोडून म्हणाले,

“बारनबादादा, उद्याही आमच्याकडे या. अजून पुष्कळ टाचण्या आहेत.”