घटकाभराची मुभा

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, लोक पाण्यात बुडणाऱ्या वाटीने वेळ मोजीत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका टुमदार राजधानीत एक कुंभार राहत असे. त्याचे माठ पाणी गार ठेवीत आणि त्याची जीभ गिऱ्हाइकांना खूष ठेवी. स्वभावाने तो भला होता. मात्र कोणालाही ‘नाही’ म्हणणे त्याला जमत नसे. आणि लहानथोर वाचकहो, भल्या माणसाला संकटात पाडायला एवढा एक दोष पुरतो.

या कुंभाराचा मेहुणा, म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ, राजाच्या केळीच्या बागेचा राखणदार होता. एके दुपारी बागेचे फाटक उघडे राहिले. नगरातील समस्त गाई निमंत्रण मिळाल्यासारख्या आत शिरल्या, आणि संध्याकाळपर्यंत बागेत केळे सोडाच, केळीचे पानसुद्धा उरले नाही.

राजा संतापला. राखणदाराने चटकन बोट दाखवले ते टोपल्या विणणाऱ्या एका बाईकडे. ती रोज दुपारी बागेच्या कडेने बांबू आणायला जात असे आणि तिच्या बाजूने बोलणारे कोणीही नव्हते. गुन्हा शाबीत झाला, तर तिला वर्षभर राज्याबाहेर राहावे लागणार होते.

खटल्याच्या आदल्या दिवशी मेहुणा कुंभाराच्या अंगणात येऊन बसला.

“दाजी, एका वाक्याचं काम आहे. ‘त्या बाईला फाटक उघडताना पाहिलं’, एवढंच सांगायचं.”

“अरे, पण त्या दुपारी मी पलीकडच्या गावी लग्नाच्या पंगतीत होतो. तूही माझ्या शेजारीच बसला होतास की.”

“तेच तर झाकायचंय. घाईत कडी लावायची राहिली माझ्याकडून. माझी चाकरी गेली, तर मी मुलाबाळांसह इथेच राहायला येईन हं.”

कुंभाराने आपल्या दोन खोल्यांकडे पाहिले, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मान डोलावली.

त्या राज्याचे न्यायाधीश वृद्ध आणि शांत होते. तेथील कायदा असा होता : जो शपथेवर खोटे बोलेल, त्याला तीच शिक्षा व्हावी, जी त्याच्या खोट्यामुळे दुसऱ्याला झाली असती. परंतु कायद्याने एक मुभाही ठेवली होती. साक्षी संपल्या की पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडीत. ती बुडेपर्यंत, म्हणजे घटकाभर, साक्षीदाराला आपला शब्द मागे घेता येत असे. तेवढा वेळ साक्षीदाराने आरोपीच्याच बाकावर बसावे, असा दंडक होता.

प्रथम राखणदाराने शपथ घेऊन साक्ष दिली. मग कुंभाराने शपथेच्या कलशावर हात ठेवला आणि आपले एक वाक्य म्हटले. त्याला वाटले, सुटलो.

“तिच्या डोक्यावर काय होते?” न्यायाधीशांनी विचारले.

“टोपल्या, महाराज.”

“किती?”

“पाच.”

“फाटक कोणत्या हाताने उघडले?”

“उजव्या.”

“काही बोलली?”

“‘आज ऊन फार’, म्हणाली.”

“आणि तू कोठे होतास?”

“चिंचेखाली. चिंचा वेचत होतो.”

लेखनिकाने सारे उतरवून घेतले आणि बोटांवर मोजले. एका वाक्याची सात विधाने झाली होती. वाटी पाण्यावर सोडली गेली. दोन्ही साक्षीदार बाकावर बसले. राखणदार एका टोकाला, कुंभार त्या बाईच्या शेजारी.

“दादा, पाच टोपल्या म्हणालात?” बाईने हळूच विचारले.

“हो.”

“बरं झालं कळलं. मान दुखते म्हणून मी आपली तीनच्या वर घेत नाही. उगाच इतकी वर्षं मानेचे लाड केले.”

कुंभाराला हसू फुटले आणि मग त्या हसण्याचीच त्याला लाज वाटली. “ताई, तुम्ही रागावला नाहीत?”

“रागवायला सवड कुठाय? मला उद्याच निघायचंय. तुमच्या माठांसाठी सांगितलेली टोपली अर्धी विणून झालीये. रात्रीतून पुरी करून देऊ, की तशीच चालेल?”

ज्याने तिचे घर सुटावे अशी साक्ष दिली, त्याच्या माठांची काळजी ती करीत होती. त्याने घंगाळाकडे पाहिले. वाटीची कड पाण्याला टेकू लागली होती. तो ताडकन उठला.

“महाराज, मी माझे शब्द मागे घेतो.”

“सगळे, की काही?”

“सगळे. त्यांतला एकही खरा नाही.” आणि त्याने पंगतीपासून अंगणातल्या बोलण्यापर्यंत सारे सांगून टाकले.

न्यायाधीश राखणदाराकडे वळले. “वाटी अजून तरंगते आहे.”

“मी पाहिलं तेच सांगितलं,” राखणदार छाती काढून म्हणाला. वाटी ‘गुडूप’ झाली.

मग वधूपित्याला बोलावणे गेले. राखणदाराला पाहताच त्याने हात जोडले. “यांना कसा विसरेन? बावीस जिलब्या खाल्ल्या यांनी.” न्यायसभेत खसखस पिकली, लेखनिकालाही लेखणी खाली ठेवावी लागली.

बाई सन्मानाने सुटली. राखणदाराला वर्षभर राज्याबाहेर जावे लागले. कुंभाराने वेळेत शब्द मागे घेतला, म्हणून त्याची शिक्षा सौम्य ठरली : सात आठवडे दर बाजाराच्या दिवशी चौकात उभे राहून आपले एकेक खोटे मोठ्याने सांगायचे. पहिल्या बाजारी लोक हसले. चौथ्या बाजारी ऐकायला गर्दी झाली. सातव्या बाजारी तीच बाई त्याच्या दुकानापुढे आली आणि तिने एक माठ उचलला.

“दादा, हा चांगला निघेल ना?”

कुंभाराच्या जिभेवर जुना गोडवा आला होता. तो त्याने गिळला. “नाही ताई, तो पाझरतो. शेजारचा घ्या.”

बाईने शेजारचा माठ घेतला खरा. पण घेण्यापूर्वी तो चांगला तीनदा वाजवून पाहिला. कुंभार खाली मान घालून थांबला. तिचा तो हक्कच होता.

तात्पर्य : आपल्या माणसासाठी घेतलेली खोटी शपथही निरपराध्याच्याच माथी बसते, म्हणून ती घेऊ नये, आणि घेतलीच तर वेळ टळण्यापूर्वी शब्द मागे घ्यावा.